ऑइल कमी होत नाही, वाढतंय... आणि शेवटी इंजिन गेलं (बीएस-६ डिझेल, डीपीएफ)

जंक्शनवाला

मंडळी, गाडी थोरल्या भावाची आहे, पण डोकं माझं फिरलंय म्हणून धागा मी काढतोय. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम देत नाही, वाद चालू आहे.

गाडी २०२१ ची, बीएस-६ (प्रदूषणाचे नियम) डिझेल, साधा गिअर. भाऊ भुसावळला डॉक्टर. घर ते दवाखाना, दवाखाना ते हॉस्पिटल, संध्याकाळी बाजार. सगळं दोन-चार किलोमीटरच्या आतलं. उन्हाळ्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे कुणाची वाट बघायची असली की एसी लावून गाडी चालूच. सर्व्हिसिंग प्रत्येक वेळी शोरूमलाच, सगळी जॉबकार्डं फाइलला. भाऊ ऑइलचं गेज (पातळी दाखवणारी पट्टी) नियमित बघतो. ऑइल कमी झालेलं कधीच दिसलं नाही, उलट मागच्या काही महिन्यांत वरच्या खुणेच्याही वर होतं. सर्व्हिसला विचारलं तर "नॉर्मल आहे सर, ऑइल पीत नाही म्हणजे इंजिन टकाटक" असं उत्तर.

गेल्या महिन्यात सगळे धुळ्याला लग्नाला निघाले. पाळधी मागे पडलं आणि एरंडोलच्या अलीकडे भावाने पाय काढला तरी आरपीएम खाली येईना. वरच चढत गेला. मागे पांढऱ्या धुराचा असा लोट की मागचा ट्रक दिसेना. गाडी कडेला घेऊन क्लच दाबला तर इंजिन आणखीच किंचाळायला लागलं. चावी फिरवून काढून हातात घेतली, तरी इंजिन चालू! वहिनी मुलांना घेऊन शेतात पळाली. एक टँकरवाला उतरून धावत आला आणि खिडकीतून ओरडला, "साहेब, पाचवा टाका, ब्रेकवर उभे राहा न् क्लच सोडा!" गाडीने जोरात गचका खाल्ला आणि बंद पडली. नंतर सेल्फ मारला तर नुसती टक टक.

गेज काढलं. ऑइल वरच्या खुणेपासून बोटभर वर, पाण्यासारखं पातळ, आणि वास चक्क डिझेलचा.

शोरूमचं म्हणणं, तुम्ही बाहेर कुठेतरी ऑइल जास्त भरलंत, वॉरंटीत बसत नाही. एस्टिमेट तीन लाखांच्या वर. भावाने एक थेंबही टाकलेला नाही. मग हे वाढलं कुठून?

फौजदारी_डाळ

बापरे. चावी काढल्यावरही चालू? असं होऊ शकतं?

दहा_अकराचा_पाना

होतं भो. पेट्रोल गाडीला ठिणगी लागते, चावी काढली की ठिणगी बंद, विषय संपला. डिझेलला ठिणगी नाही. हवा दाबून तापते आणि त्यात जे जळण्यासारखं येईल ते पेटतं. चावी काढली की नोजलचं (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीचं) डिझेल बंद होतं, पण इंजिन स्वतःचंच ऑइल प्यायला लागलं असेल तर चावीला विचारतं कोण? वर्कशॉपमध्ये आम्ही म्हणतो इंजिन पळालं. टँकरवाल्याने दिलेला सल्ला एक नंबर होता. साध्या गिअरला वरचा गिअर, ब्रेक गच्च आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवायचं. ऑटोमॅटिकला हा मार्ग नाही, तिथे हवा बंद करावी लागते. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या पाइपाच्या, तोंडावर फळी किंवा जाड काहीतरी दाबायचं. हात लावायचा नाही. टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) हात ओढून घेतो. आणि बॉनेट उघडायला भीती वाटली तर सरळ लांब पळा, इंजिनापेक्षा माणूस मोठा.

आता ऑइल वाढलं कुठून. धुळ्यात आग्रा रोडला माझं गॅरेज आहे, असली केस मला नवी नाही. जरा लांबण लावतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सर लाइनमध्ये एक गाळणी बसते, तिला डीपीएफ म्हणायचं. धुरातली काजळी ती अडवते. गाळणी भरली की साफ व्हायला हवी, आणि साफ करायची म्हणजे आतली काजळी जाळून टाकायची. हायवेला गाडी पळत असेल तर धूर आपोआप गरम असतो, बरीचशी काजळी जाता जाता जळते. गावात तेवढी गरमी येत नाही. मग कॉम्प्युटर काय करतो, पॉवर स्ट्रोक झाल्यावर उशिरा, जाळ संपत आला असताना, नोजलमधून थोडं जादा डिझेल सोडतो. ते सिलिंडरमध्ये जळण्यासाठी नसतंच. ते धुराबरोबर बाहेर जाऊन कॅटमध्ये (गाळणीच्या आधीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) पेटतं, गाळणीत सहाशे अंशांच्या आसपास गरमी तयार होते आणि काजळीची राख होते. याला रीजन म्हणतात.

गोम इथेच आहे. उशिरा सोडलेलं डिझेल पिस्टन खाली असताना येतं, त्यामुळे थोडंफार सिलिंडरच्या भिंतीला लागतं. तिथून पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने ओघळत थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात. रीजन एकदाच होऊन पूर्ण झालं तर हे डिझेल नगण्य. पण दवाखाना आला, गाडी बंद. रीजन अर्धवट. परत चालू, परत सुरुवात, परत बंद. प्रत्येक वेळी थोडं डिझेल खाली. वरून एसीसाठी गाडी उभ्या उभ्या चालू, म्हणजे काजळी भरपूर आणि गरमी शून्य.

ऑइल वाढलं नाही डॉक्टरांचं. ऑइल तेवढंच होतं, त्यात डिझेल आलं.

केळीवाला

म्हणजे ताकात पाणी घालून हंडा भरलेला दाखवायचा असला प्रकार!

पण पानाभाऊ, एक शंका. पेट्रोल असं ऑइलमध्ये गेलं तर गरम झाल्यावर उडून जातं म्हणतात. आमच्या रावेरच्या उन्हात डिझेल उडत नाही का?

दहा_अकराचा_पाना

उन्हाचा काही संबंध नाही. चेंबरमधलं ऑइल साधारण ९०-११० अंशांवर चालतं. पेट्रोलचा बराच भाग तेवढ्यात उडतो, ब्रीदरमधून (चेंबरमधली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) परत इनटेकला जाऊन जळतो. डिझेल उकळायलाच साधारण १८० ते ३६० अंश लागतात. ते बसून राहतं. बायोडिझेल मिसळलेलं असेल तर आणखी चिवट, त्याचा उकळबिंदू वरच्या टोकाला. म्हणून हायवेला कॅनमधून स्वस्तात जे काही 'बायोडिझेल' म्हणून विकतात ते असल्या गाडीत टाकू नका. जुन्या जीपने सहन केलं असेल, ही सहन करत नाही.

नवापूर_फाटा

आम्ही तर गुजरातच्या हद्दीतल्या पंपावरच भरतो, स्वस्त पडतं. तेही वाईट?

दहा_अकराचा_पाना

अहो, पंपाचं डिझेल दोन्हीकडे बीएस-६ चंच, गंधक १० पीपीएमच्या आत. निर्धास्त भरा. मी कॅनचं बोलतोय.

नवापूर_फाटा

हुश्श. आमच्याकडे रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, आम्हाला पंपाचं काय सोवळं!

सेंटिस्टोक

मी वंगणतेल तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करतो, मूळ चोपड्याचा. पानाभाऊंच्या बोलण्याला आकड्यांची जोड देतो.

बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्यांत ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल असतं. यातल्या ३० चा अर्थ असा की १०० अंशांना त्याची घनता नव्हे, दाटपणा (व्हिस्कॉसिटी) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान हवा. डिझेल मिसळलं की हा आकडा घसरतो. ७-८ वर आला म्हणजे बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, तुमच्या इंजिनात ३० नाही, २० चं ऑइल फिरतंय. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात ऑइलचा जो पापुद्रा असतो तो फाटतो आणि धातूवर धातू घासतो. टर्बोचं बेअरिंग तर आणखी नाजूक. दुसरी खूण फ्लॅश पॉइंट. नवं ऑइल २०० अंशांच्या वर पेट घेतं, डिझेल मिसळलेलं त्याच्या बरंच खाली.

चेंबर साडेचार-पाच लिटरचं धरा. अर्धा लिटर वाढ म्हणजे जवळपास दहा टक्के डिझेल. आमच्याकडे पाच टक्क्यांच्या आसपास आलं तरी ऑइल लगेच काढा असा शेरा जातो.

आणि हा मुद्दा फार जणांच्या लक्षात येत नाही: गेज बरोबर खुणेवर आहे म्हणून ऑइल चांगलं आहे असं नाही. इंजिन थोडं ऑइल जाळत असेल आणि तेवढंच डिझेल खाली येत असेल तर पातळी हलतच नाही. मालक खूश, बेअरिंग रडतंय. म्हणून पातळीबरोबर वास घ्या, दोन बोटांत चोळून बघा, टिश्यू पेपरवर थेंब टाका. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल काळं होणारच. थेंबाभोवती पसरट, फिकट, तेलकट कडं लांबवर गेलं तर शंका घ्या. अर्थात हे घरगुती, खरा निकाल लॅबमध्येच.

शहाद्याची_मास्तरीण

माझीही बीएस-६ डिझेल, शाळा गावातच. पातळी वाढली होती तेव्हा सर्व्हिसवाला म्हणाला, "मॅडम, अर्धा लिटर काढून देतो, लेव्हल बरोबर होईल." मी म्हटलं, दादा, पण काढलेल्या अर्ध्या लिटरात ऑइल आणि डिझेल दोन्ही जाणार, उरलेल्यातलं प्रमाण तेच राहणार ना? तो माझ्याकडे बघतच राहिला. विज्ञान शिकवते मी आठवीला. पूर्ण ऑइल आणि फिल्टर बदलून घेतलं.

आता ठरवून शहादा-नंदुरबार एक फेरी मारते, एका दमात, मध्ये न थांबता. रीजन चालू आहे हे ओळखायला मला वेळ लागला, पण खुणा आहेत: उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा थोडा वर, स्क्रीनवरचं ॲव्हरेज एकदम पडलेलं, स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) काम करत नाही, गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहतो आणि गरम पत्र्यासारखा वास येतो. असं काही दिसलं की घरासमोरून पुढे निघून जायचं, दहा-पंधरा मिनिटं चालवूनच परत यायचं. शेजारणीला वाटतं मी भांडून निघालेय.

फौजदारी_डाळ

+१ मास्तरीणबाई. वाचनखूण साठवली.

केळीवाला

हे सगळं बरोबर, पण राग येतो. गाडी विकताना कुणी हे सांगत नाही. खान्देशात डिझेल घेतात कारण बापाची जीप डिझेल, ट्रॅक्टर डिझेल, डिझेल म्हणजे दमदार. शोरूममध्ये पहिला प्रश्न "रोजचं रनिंग किती आणि कुठलं" हा विचारायला नको? डॉक्टरला, सराफाला, गावातल्या गावात फिरणाऱ्याला सरळ पेट्रोल घ्या म्हणावं. ते नाही. ॲव्हरेजचा आकडा तोंडावर मारतात आणि मोकळे होतात. मॅन्युअलमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते इंग्रजी पुस्तक डिक्कीतून बाहेर निघतं कधी?

ती गाळणीच काढून टाकली तर? आमच्याकडे एक जण करून देतो म्हणे, कॉम्प्युटरमध्ये पण सेटिंग मारतो.

दहा_अकराचा_पाना

मी करत नाही आणि करू देत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, मूळ बनावटीत असा बदल चालत नाही. वॉरंटी गेली, उद्या क्लेमला अडचण, आणि ती काजळी तुमच्या मागे स्कूटरवर बसलेल्या पोराच्या छातीत. नको.

जंक्शनवाला

सगळ्यांचे आभार. पानाभाऊ, शोरूम अजूनही "जास्त भरलंय" यावरच अडून आहे. दुसरं म्हणजे भावाचं वापरणं गावातलं असलं तरी त्याच्या मित्राची तीच गाडी, तसाच वापर, आणि त्याला काही त्रास नाही. हे कसं?

दहा_अकराचा_पाना

हा प्रश्न बरोबर विचारलात. कारण सगळं खापर वापरावर फोडून मोकळं होणं हाही शोरूमचाच धंदा आहे. ऑइलची पातळी वाढायला एवढंच कारण असतं असं नाही. मी या क्रमाने बघतो.

आधी ऑइल दुधाळ, मळकट आहे का आणि कूलंटची बाटली कमी होतेय का? तसं असेल तर पाणी शिरतंय, हेड गॅस्केट बघा. तुमच्याकडे डिझेलचा वास आहे, म्हणजे हे बाद.

मग नोजल. एखादं नोजल बंद होताना नीट मिटत नसेल तर थेंब थेंब गळत राहतं. चारही नोजलची लीक-ऑफ टेस्ट (प्रत्येकातून किती डिझेल परत येतं ते मोजणं) करायला सांगा, टेस्ट बेंचवर लावून बघायला सांगा. काही इंजिनांत हाय प्रेशर पंपाचं सील गेलं तरी डिझेल चेंबरमध्ये उतरतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी पैज लावून सांगतो शोरूमने अजून बघितलेलं नाही: गाळणीच्या अलीकडे-पलीकडे किती दाबाचा फरक आहे हे मोजणारा सेन्सर. त्या फरकावर कॉम्प्युटर ठरवतो गाळणी किती भरली. स्कॅनर लावा, चावी ऑन, इंजिन बंद. धूर वाहत नाही म्हणजे फरक शून्याच्या आसपास दिसायला हवा. इंजिन बंद असताना तो आकडा वर दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. गाळणी रिकामी असली तरी कॉम्प्युटरला वाटतं भरली, आणि तो पुन्हा पुन्हा रीजन मारत राहतो. डिझेल पुन्हा पुन्हा खाली. त्याच स्कॅनरवर दोन रीजनमधलं अंतर आणि किती अर्धवट राहिली हे पण निघतं. रिपोर्टची प्रिंट मागा. देत नसतील तर मोबाइलवर फोटो काढा, मेमरी पुसायच्या आत.

वकील_अमळनेर

फोटोचा मुद्दा उचलून धरतो. जंक्शनवाला, इंजिन उघडण्याच्या आधी या गोष्टी करा. शोरूमला लेखी (ईमेल चालेल) कळवा की माझ्या उपस्थितीतच उघडायचं. ऑइलचे दोन नमुने दोघांच्या सह्यांनी सील करून एक तुमच्याकडे ठेवा. जुनी सगळी जॉबकार्डं काढा. त्यात प्रत्येक वेळी किती लिटर ऑइल भरलं ते बिलावर असतंच. "मालकाने जास्त भरलं" याचं उत्तर तुमच्या नमुन्यात आहे: जास्त भरलेलं ऑइल दाट असेल, डिझेल मिसळलेलं पातळ. लॅब तेवढं नक्की सांगेल.

विम्याकडून फार आशा नको. यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत येत नाही. इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं असलं तरी ते मुख्यतः पाणी शिरणं, ऑइल गळणं यासाठी असतं. अटी वाचा.

नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग, जळगाव. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जायची गरज नाही. मुदत दोन वर्षं. पण आधी नोटीस द्या, पुष्कळदा तिथेच मिटतं.

सेंटिस्टोक

नमुना घेताना ऑइल थंड, साचलेलं नको असतं, पण इथे इंजिन फिरवता येणार नाही. मग बोल्ट उघडल्यावर पहिली धार आणि तळाचा गाळ सोडून मधल्या धारेतलं घ्या, स्वच्छ कोरड्या बाटलीत. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची जुनी बाटली नको. व्हिस्कॉसिटी, फ्लॅश पॉइंट, फ्यूएल डायल्यूशन (ऑइलमध्ये डिझेल किती मिसळलंय) आणि धातूंचे कण या चार चाचण्या मागा. शिसं, तांबं, कथील वाढलेलं निघालं तर बेअरिंग कशाने गेलं याचा तो पुरावा.

जंक्शनवाला

अपडेट. उशीर झाला, माफी.

पानाभाऊ, पैज लावली असती तर जिंकला असतात. चावी ऑन, इंजिन बंद, तरी सेन्सरचा आकडा शून्यावर नाही. शोरूमचा मुलगा आधी म्हणाला स्कॅनर बिघडलाय. दुसरी गाडी आणून लावायला लावली, तिच्यावर शून्य. मग गप्प. दोन रीजनमधलं अंतर त्या दुसऱ्या गाडीच्या तुलनेत अगदीच कमी, आणि अर्धवट राहिलेल्यांची रांग. सगळ्याचे फोटो घेतले.

चेंबर उतरवलं तेव्हा मी समोर होतो. तळाशी चंदेरी चुरा. तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग क्रँकवर गुंडाळलं गेलेलं, वरचा थर पार उडून खालचं तांबूस दिसत होतं. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवला तर खडखड हलतोय. इनटेकच्या पाइपात ऑइलचं थारोळं. पातळी वाढल्यामुळे ब्रीदरमधून गेलेलं ऑइल हेच, इंजिन पळालं ते याच्यावर.

लॅबचा रिपोर्ट आला, १०० अंशांना दाटपणा सातच्या खाली. स्कॅनरचे फोटो आणि हा रिपोर्ट जोडून वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे नोटीस पाठवली. कंपनीच्या विभागीय ऑफिसचा फोन आला, सुट्या भागांचा काही वाटा "गुडविल" म्हणून देतो म्हणतात. भाऊ म्हणतो, गुडविल तुमच्याकडेच ठेवा, वॉरंटी द्या. बघू, बोलणी चालू आहेत.

केळीवाला

डॉक्टरांना सांगा, सोडू नका.

लळिंगचा_घाट

धागा वाचून आत्ता खाली जाऊन गेज बघून आलो. वरच्या खुणेच्या वर आहे, आणि वास येतोय असं वाटतंय. बायको म्हणते तुला कालपासून सगळ्यालाच वास येतोय. पानाभाऊ, उद्या गाडी घेऊन धुळ्याला येऊ का? येताना इथेच ऑइल बदलून घेतो म्हणजे वाटेत धोका नको.

दहा_अकराचा_पाना

वर किती आहे ते आधी नीट बघा. सपाट जागा, गाडी बंद करून दहा मिनिटं थांबून, गेज पुसून परत घाला. खुणेच्या थोडंसं वर असेल तर हळू चालवत या, रेस मारू नका. बोटभर वर असेल तर सेल्फच मारू नका, टोचन करून आणा. पण ऑइल बदलू नका. आहे तसंच घेऊन या, मला तेच बघायचंय. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करतो.